एका पेल्यात एकच जिवाणू: लिस्टरचे दूध आणि एका प्रकल्पाची वही

सूक्ष्मजीवशास्त्राच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांचे प्रकल्प तपासायला घेतले की त्यांत एक तरी वही अशी निघते, जिच्या पहिल्या पानावर लिहिलेले असते: ‘कच्च्या दुधातून हितकर जिवाणू वेगळे करून त्यांची ओळख पटवली.’ वाक्य सुटसुटीत आहे, पण त्यात तीन दावे एकमेकांच्या पाठीवर बसलेले आहेत. वेगळे केले, हे कशावरून? ओळखले, ते कुठपर्यंत? आणि हितकर कोणाला? मुले पहिल्या दाव्यावर चार ओळी लिहितात, दुसऱ्यावर चाळीस आणि तिसरा गृहीतच धरतात. माझ्या मते खरी मेख पहिल्यातच आहे. म्हणून या विषयावर बोलायचे झाले की मी मुलांना एकच जुने प्रकरण सांगतो. त्यात जिवाणू वाढवायची प्लेट नाही, ती भरायचे अगार नाही, जिवाणू रंगवून ओळखायचे ग्रॅम रंजन नाही, आणि तरीही कोणत्याही जिवाणूचे पहिले शुद्ध कल्चर, म्हणजे भेसळ नसलेली एकट्या जिवाणूची वाढ, त्यातूनच मिळाले. ते मिळवले जोसेफ लिस्टर या शल्यविशारदाने, आणि तेही दुधातून.

लिस्टरला आपण ओळखतो ते कार्बोलिक ॲसिड या जंतुनाशकामुळे. ग्लासगोत १८६५ साली त्याने उघड्या अस्थिभंगाच्या जखमांवर ते वापरले आणि १८६७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लेखमाला लिहिली. जखमा चिघळेनाशा झाल्या, हे विरोधकांनाही दिसत होते. पण चिघळण्याला हवेतले सूक्ष्म जीव कारणीभूत आहेत, हे त्यांना पटत नव्हते. आणि खरे सांगायचे तर लिस्टरच्या हातातही पुरावा नव्हता. पुवाच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली कांड्या, ठिपके, साखळ्या असा सगळा बाजार भरलेला दिसतो. त्यातला कोण दोषी आणि कोण नुसता बघ्या, हे सांगणार कसे?

म्हणून त्याने जखम बाजूला ठेवली आणि दूध घेतले. दूध आंबते ते डोळ्यांना दिसते, त्याला सूक्ष्मदर्शक लागत नाही. पातळ होते ते घट्ट झाले, की काहीतरी घडले. त्यातून कोणाचा जीव जात नाही. शिवाय दूध आंबण्यामागे जिवंत काहीतरी असते, हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई पास्तरने १८५७ साली लिलमध्ये मांडलेले होतेच. आज आपण ज्याला नमुना-जीव म्हणतो (अवघड प्रश्नासाठी अभ्यासायला निवडलेला सोपा जीव), तसा हा वापर होता.

पहिला प्रयत्न फसला. १८७३ साली त्याने एक लांबलचक लेख छापला. आंबलेल्या दुधात त्याला अंडाकृती, जोडीजोडीने असणारे जिवाणू दिसले होते. त्यांना त्याने ‘बॅक्टेरियम लॅक्टिस’ म्हटले. मग तेच त्याने मूत्रात, सलगमच्या काढ्यात आणि पास्तरच्या साखर-क्षारांच्या द्रावणात सोडून पाहिले. प्रत्येक ठिकाणी त्याला वेगळी रूपे दिसली आणि त्याने निष्कर्ष काढला की एकच जिवाणू माध्यमाप्रमाणे रूप पालटतो. आजच्या डोळ्यांनी पाहिले तर चूक लगेच कळते. त्याने एका माध्यमातून दुसऱ्यात नेला तो एक जिवाणू नव्हता, ती गर्दी होती, आणि दर ठिकाणी गर्दीतला वेगळा गडी वर येत होता. हसू नये. एका चऱ्यात (तारेने माध्यमावर ओढलेल्या रेघेत) दोन कॉलन्या, म्हणजे जिवाणूंचे दोन वेगळे ठिपके, उचलून ‘स्ट्रेन (जातीतला एक वंश) रूप बदलतो’ असे लिहिणारी मुले मी आजही पाहतो.

लिस्टरचे मोठेपण असे की तो तिथे थांबला नाही. घरातल्या प्रयोगशाळेत काम चालूच राहिले. त्या काळच्या त्याच्या नोंदवह्यांतला मोठा भाग पत्नी ॲग्नेसच्या अक्षरात आहे, कारण तो सांगे आणि ती लिहून घेई. वडील जोसेफ जॅक्सन लिस्टर वाइनचे व्यापारी, पण नाव झाले ते सूक्ष्मदर्शकाच्या भिंगांतला रंगदोष कमी करण्याच्या १८३०च्या कामामुळे. त्यामुळे मुलाकडे उत्तम सूक्ष्मदर्शक असणारच होता. प्रयोगाला त्याने वापरले ते मद्याचे छोटे पेले, त्यावर काचेची टोपी आणि वरून पुन्हा काचेचे झाकण. हे पेले वडिलांच्या धंद्यातून आले की काय, असा खट्याळ विचार माझ्या मनात येतो. पण ते असो.

त्याचे एक निरीक्षण मला फार महत्त्वाचे वाटते, कारण आपल्या प्रकल्पांच्या मुळाशी घाव घालणारे ते आहे. दुग्धशाळेतले दूध ठेवून दिले की हमखास आंबते, हे सर्वांना माहीत होते. म्हणून ‘आंबणे हा दुधाचा स्वभावच’ असे लोक म्हणत. लिस्टरने दुग्धशाळेबाहेर, थेट गायीच्या सडातून स्वच्छ पेल्यांत दूध धरले. आपण ज्याला धारोष्ण म्हणतो ते. ते पेले बिघडले, पण नेहमीसारखे आंबले नाहीत. वेगवेगळ्या पेल्यांत वेगवेगळे बदल झाले. म्हणजे आंबवणारा जिवाणू दुधात जन्मतः नव्हता. तो दुग्धशाळेत होता, भांड्यांत होता, हातांवर होता. दुग्धशाळेबाहेर तो त्याला दुर्मीळच वाटला.

आजची माहिती याला बळच देते. लॅक्टोकॉकस, म्हणजे आजच्या नावाने तोच बॅक्टेरियम लॅक्टिस, मुळात वनस्पतींवर राहणारा. दुधात तो चाऱ्यातून, कासेवरून, कासंडीच्या काठावरून आणि गाळणीच्या फडक्यातून येतो. तेव्हा वहीत नुसते ‘स्रोत: कच्चे दूध’ लिहून भागत नाही. कोणाच्या गोठ्यातले, कोणत्या भांड्यात काढलेले, किती तासांचे, बर्फात आणले की स्कूटरच्या डिकीत, हे लिहायला हवे. वेगळा केलेला जिवाणू म्हशीचा आहे की गवळ्याच्या किटलीचा, हे नाहीतर कधीच कळणार नाही.

आता मुख्य प्रयोग. गर्दीतून एकाला बाहेर काढायचे. जर्मन जीवाणुशास्त्रज्ञ रॉबर्ट कोखची घन माध्यमाची पद्धत अजून यायची होती. लिस्टरने हिशेबाची वाट धरली. त्याने एक खास पिचकारी करून घेतली. तिचा दट्ट्या स्क्रूवर चाले आणि चकतीवर खुणा असत. त्या खुणांनी मिनिमचा शंभरावा भाग मोजून सोडता येई. मिनिम म्हणजे साधारण एक थेंब, ०.०५९ मिली. त्याचा शंभरावा भाग म्हणजे आजच्या मापात सुमारे ०.६ मायक्रोलिटर. आमच्या प्रयोगशाळेतल्या मायक्रोपिपेटवर एवढे माप लावताना आजही हात सांभाळावा लागतो.

आंबलेल्या दुधाचा असा मोजका थेंब काचेखाली पसरायचा, एका दृष्टिक्षेत्रात किती जिवाणू दिसतात ते मोजायचे, काचेच्या क्षेत्रफळाने गुणायचे. मग उकळलेल्या पाण्यात दूध इतके पातळ करायचे की पिचकारीच्या एका मापात सरासरी एकच जिवाणू यावा. किती पातळ? आंबलेल्या दुधात मिलीला १०० कोटींच्या घरात जिवाणू धरले, तर ०.६ मायक्रोलिटरमध्ये सहा लाख येतात. म्हणजे पातळ करायचे ते काही लाखपट. तसले एकेक माप उकळून निर्जंतुक केलेल्या दुधाच्या एकेका पेल्यात सोडायचे, झाकायचे आणि वाट पाहायची.

आपल्याकडे हे रोज रात्री ओट्यावर घडते, हे लक्षात आले असेलच. दूध तापवायचे, बोटाला सोसेल इतके कोमट होऊ द्यायचे, विरजण लावायचे. फरक एवढाच की आपल्या चमचाभर विरजणात अब्जावधी जिवाणू असतात, तेही पाचपन्नास तऱ्हेचे, आणि लिस्टरच्या चमच्यात एक.

निकाल असा: काही पेले विरजले, काही जसेच्या तसे गोड राहिले. विरजलेल्यात त्याला बॅक्टेरियम लॅक्टिसच दिसला, दुसरे काही नाही. न विरजलेल्यात जिवाणूच नव्हते.

‘काही विरजले, काही नाही’ हे वाक्य वाचताना प्रयोग अर्धवट फसल्यासारखा वाटतो. पण सगळा पुरावा त्या न विरजलेल्या पेल्यांत आहे. दूध आंबवणारी वस्तू एखादे विरघळलेले रसायन असते, तर ती पातळ केल्यावर सगळ्या मापांत सारखीच कमी झाली असती आणि सगळे पेले सारखेच, फार तर उशिरा, विरजले असते. इथे मात्र काही पेल्यांना सगळे मिळाले आणि काहींना काहीच नाही. म्हणजे ती वस्तू कणांची आहे, मोजता येणारी आहे आणि वाढणारी आहे. एका कणापासून आख्खा पेला घट्ट होतो. १८७८ साली छापलेल्या या कामाच्या शीर्षकात त्याने दुधाच्या किण्वनाबरोबर, म्हणजे आंबण्याबरोबर, रोगशास्त्राचेही नाव घातले. रोख कुठे होता ते त्यातून कळते.

याच सुमारास, १ ऑक्टोबर १८७७ रोजी, लंडनच्या किंग्ज कॉलेजात रुजू होताना त्याने किण्वनावरच उद्घाटनाचे भाषण केले. नव्या शल्यविशारदाने शस्त्रक्रियेवर बोलावे अशी पोरांची अपेक्षा, आणि हा बोलतो गाय, दूध, दुग्धशाळा. गायीचा उल्लेख आला की मागच्या बाकांवरून हंबरण्याचे आवाज येत, अशी आठवण सांगितली जाते. मागचा बाक सगळीकडे सारखाच.

आता या प्रयोगाची चिरफाड, कारण ती केल्याशिवाय मी मुलांना हे प्रकरण सोडू देत नाही. सरासरी एक म्हणजे प्रत्येक मापात एक नव्हे. पाऊस पडताना फरशीच्या प्रत्येक चौकटीत एकेक थेंब पडत नाही, तसेच. सरासरी एक असेल तर सुमारे ३७ टक्के मापे रिकामी जातात, ३७ टक्क्यांत एक असतो आणि २६ टक्क्यांत दोन किंवा जास्त. म्हणजे जे पेले विरजले, त्यांतले दर शंभरातले सुमारे ५८च एकट्या जिवाणूचे. खात्री हवी तर सरासरी ०.१पर्यंत खाली न्यायची. मग विरजलेल्यांतले ९५ टक्के एकट्याचे असतात, पण दहातले नऊ पेले रिकामे जातात. काच, दूध आणि धीर, तिन्ही जास्त लागतात.

दुसरे, हा जिवाणू जोडीने आणि छोट्या साखळीने राहतो, त्यामुळे ‘एक’ म्हणजे बहुधा एक जोडी. आपण प्लेटवर जिवाणू न मोजता कॉलनी निर्माण करणारी एकके मोजतो, ते याचसाठी. तिसरे, नुसत्या उकळलेल्या पाण्यात काही जिवाणू वाटेतच मरत असणार. आज आपण ०.८५ टक्के मिठाचे पाणी किंवा पातळ पेप्टोन (प्रथिनांचे सत्त्व) घेतो.

चौथी मर्यादा सर्वांत मोठी आहे. पातळ करत गेल्यावर शेवटी उरतो तो, जो मुळात संख्येने सर्वांत जास्त असतो. आंबलेल्या दुधात बॅक्टेरियम लॅक्टिस बहुमतात होता, म्हणून तो हाती आला. ताज्या कच्च्या दुधाला हीच युक्ती लावली असती तर त्या दिवशी जो बहुमतात असता तोच मिळाला असता, मग तो हितकर असो नाहीतर शेणातला. गर्दीतल्या अल्पसंख्याकाला शोधायचे तर दुसरी युक्ती हवी.

ती युक्ती लवकरच आली, आणि आली ती लिस्टरच्याच दारात. ऑगस्ट १८८१मध्ये लंडनला आंतरराष्ट्रीय वैद्यक परिषद भरली. रॉबर्ट कोखने काचपट्टीवरच्या जिलेटिनवर जिवाणूंच्या वेगवेगळ्या कॉलन्या वाढवून दाखवल्या, किंग्ज कॉलेजातल्या लिस्टरच्या प्रयोगशाळेत. पास्तरही बघायला होता. त्यानंतर अगार आले, १८८४ साली ग्रॅमचे रंजन आले, १८८७ साली पेट्रीची बशी आली. पिचकारीचा हिशेब मागे पडला.

नावाची गोष्ट मी थोडक्यात उरकतो. बॅक्टेरियम लॅक्टिसचा पुढे स्ट्रेप्टोकॉकस लॅक्टिस झाला आणि १८८५ नव्हे, तब्बल १९८५ साली लॅक्टोकॉकस लॅक्टिस. त्याचीच क्रेमोरिस ही उपजात २०२१ साली स्वतंत्र जात ठरली. दह्यातल्याच लॅक्टोबॅसिलस या गटाचे तर २०२० साली पंचवीस प्रजातींत (जातींच्या गटांत) वाटप झाले. लिस्टरने वेगळा केलेला जिवाणू तोच राहिला, पाटी मात्र बदलत गेली. म्हणून मी म्हणतो की वेगळे करणे पक्के असेल तर ओळख उद्याही दुरुस्त करता येते. वेगळे करणेच कच्चे असेल तर कुठलीही यंत्रणा ती ओळख वाचवू शकत नाही.

आता आमच्या वहीकडे. गेल्या खेपेस एका मुलीने गावच्या गोठ्यातले म्हशीचे कच्चे दूध आणले. अर्धे ३० अंशांवर आंबू दिले, कारण आंबू देणे हीच पहिली निवड असते. मग दहापट-दहापट पातळ करत एम१७ अगारवर पसरले. हे माध्यम लॅक्टोकॉकससाठीच आहे. आम्ल तयार झाले तरी त्यातल्या ग्लिसरोफॉस्फेटमुळे सामू फार घसरत नाही आणि जिवाणू स्वतःच्याच आंबटपणात मरत नाहीत. दोन दिवसांनी टाचणीच्या डोक्याएवढ्या पांढरट कॉलन्या आल्या. एक उचलून तिने तीनदा चरा मारला. तीनदा मारायला मी सांगितले होते म्हणून, नाहीतर एकदाच मारला असता.

ग्रॅम रंजनात जांभळे, अंडाकृती, जोडीजोडीने. कॅटॅलेज हे विकर आहे का ते पाहायला हायड्रोजन पेरॉक्साइडच्या थेंबात कॉलनी मिसळली, एकही बुडबुडा नाही. लिटमस घातलेल्या दुधात तर देखणा प्रकार झाला. निळसर जांभळी नळी तळाकडून पांढरी होत गेली, वर फक्त एक गुलाबी कडे राहिले, आणि नंतर दूध असे थिजले की नळी आडवी केली तरी हलेना. तिने आनंदाने लिहून टाकले: लॅक्टोकॉकस लॅक्टिस.

मी दोन नळ्या जास्त लावायला सांगितल्या. एक ४५ अंशांवर, एक साडेसहा टक्के मिठात. लॅक्टोकॉकस लॅक्टिस या दोन्हींत वाढत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही नळ्या ताकासारख्या गढूळ. मग सामू ९.६चे माध्यम लावले, त्यातही वाढ. हा एन्टेरोकॉकस. आतड्यात आणि शेणात राहणारा, दुधात आणि चीजमध्ये सहज सापडणारा, दिसायला लॅक्टोकॉकसचा जुळा भाऊ. तिचा चेहरा पडला. पण तिचे वेगळे करणे चोख होते. तीन चऱ्यांनंतर कॉलन्या एकसारख्या होत्या, म्हणून तर तीन नळ्यांची साक्ष एकाच जिवाणूची मानता आली. मिश्र असते तर गढूळ नळीत नेमका कोण वाढला हे कळले नसते आणि आम्ही आठवडाभर गोंधळत बसलो असतो.

जातीपर्यंत जायचे तर जिवाणू ओळखायला वापरतात त्या १६एस जनुकाचे सुमारे १५०० अक्षरांचे वाचन करून घ्यावे लागते. पुण्यात राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्रासारखी ठिकाणे त्यासाठी आहेत. पण त्यानेही नाव मिळते, स्ट्रेनचा स्वभाव नाही. आणि ‘हितकर’ हे विशेषण तर स्ट्रेनलाच लागते. एन्टेरोकॉकसचे काही स्ट्रेन प्रोबायोटिक म्हणून विकले जातात आणि काही रुग्णालयांत व्हॅन्कोमायसिन या प्रतिजैविकाला दाद न देता रुग्णांना छळतात. नाव दोघांचे एकच असू शकते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद (आयसीएमआर) आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०११च्या मार्गदर्शक सूचना स्ट्रेनपर्यंतची ओळख, आम्ल आणि पित्तात टिकाव, प्रतिजैविकांना विरोध आहे का याची तपासणी, सुरक्षितता आणि माणसांवरच्या चाचण्या, असे सगळे मागतात. तीन महिन्यांच्या प्रकल्पात यातले पहिले दोन झाले तरी पुष्कळ. आणि ‘कच्च्या दुधात हितकर जिवाणू असतात, मग कच्चेच प्यावे का?’ असे विचारणाऱ्यांना माझे एकच उत्तर असते. त्याच दुधात माणसाला आजारी पाडणारा ब्रुसेला हा जिवाणूही असू शकतो. तापवा आणि मग विरजण लावा.

तिने वहीतले नाव खोडून ‘एन्टेरोकॉकस, जात निश्चित नाही’ असे लिहिले. कल्चर ग्लिसरॉलमध्ये ठेवले आणि बाटलीवर गोठा, तारीख, भांडे, सगळे नीट लिहिले. अडचण मुखपृष्ठाची झाली. ते आधीच सोनेरी अक्षरांत बांधून आले होते. शेवटी तिने ‘हितकर’ या शब्दावर कागदाची पांढरी पट्टी चिकटवली. उजेडाला धरले तर खालचे सोनेरी अक्षर अजून दिसते.